जर्मनीला निघालेल्यांना दोन महिन्यांची मुदत कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला १०,००० तरुण-तरुणी पाठवायचे उद्दिष्ट जाहीर झाले, जर्मन भाषेचे वर्ग ठरले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कामांच्या याद्या निघाल्या. पगार किती, भाषा कोणत्या पातळीपर्यंत हवी, व्हिसा कसा मिळतो यावर मराठी वृत्तपत्रांत भरपूर लिहून आले. २०२५ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा त्या बातम्याही ठळकपणे आल्या. या दोन टोकांच्या मधली गोष्ट मात्र राहून जाते. मारहाण झाली तर पोलीस आहेत. पण नाव ऐकल्यावर 'फ्लॅट गेला हो' असे सांगितले गेले, किंवा बढतीच्या यादीतून नाव गळले, तर दाद कुठे मागायची, किती दिवसांत मागायची आणि कोणत्या शब्दांत मागायची?

'युरोपात वंशभेदाविरुद्ध कडक कायदा आहे' हे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाया समान आहे, पण त्यावर प्रत्येक देशाने बांधलेले घर वेगळे आहे. तक्रारीत कोणता शब्द लिहिला आणि ती किती दिवसांत पोचली (जर्मनीत मुदत अवघी दोन महिन्यांची), या दोनच गोष्टींवर बहुतेक प्रकरणे तरतात किंवा बुडतात.

आधी पायाबद्दल. युरोपीय संघाने २९ जून २००० रोजी वांशिक समानतेचा निर्देश, म्हणजे प्रत्येक सदस्य देशाने आपल्या कायद्यात उतरवायचा नियम, काढला (क्रमांक २०००/४३) आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोकरीतल्या समानतेचा दुसरा (२०००/७८). पहिला वंश आणि वांशिक मूळ यांच्यासाठी आहे. त्याची कक्षा मोठी आहे: नोकरी, शिक्षण, सामाजिक सुरक्षा, आरोग्यसेवा, दुकाने-सेवा आणि घरसुद्धा. दुसरा धर्म, अपंगत्व, वय आणि लैंगिक कल यांच्यासाठी आहे, पण फक्त नोकरीपुरता. म्हणजे घरमालकाने त्वचेचा रंग पाहून नाकारले तर युरोपीय कायदा मदतीला येतो. कपाळावरचे कुंकू किंवा डोक्यावरचा हिजाब पाहून, म्हणजे धर्मावरून नाकारले, तर युरोपीय पातळीवर आधार नाही आणि देशाच्या स्वतःच्या कायद्याकडे पाहावे लागते. ही फट बुजवण्यासाठी २००८ साली युरोपीय आयोगाने मांडलेला प्रस्ताव सर्व देशांच्या एकमताअभावी वर्षानुवर्षे अडकून पडला.

त्याहून मोठी फट राष्ट्रीयत्वाची आहे आणि भारतीयांना ती पदोपदी आडवी येते. दोन्ही निर्देशांच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की राष्ट्रीयत्वावरून केलेला फरक या निर्देशात येत नाही. 'आम्ही भारतीय पासपोर्टवाल्यांना घर देत नाही' आणि 'आम्ही दक्षिण आशियाई दिसणाऱ्यांना घर देत नाही' या दोन वाक्यांचा परिणाम भाडेकरूसाठी एकच, कायद्यासाठी मात्र वेगळा. डेन्मार्कमधले एक प्रकरण यासाठी समजून घ्यावे. जुनी गाडी घेण्यासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीने युरोपीय संघाबाहेर जन्मलेल्या अर्जदाराकडे वाहन परवान्याशिवाय पासपोर्ट किंवा निवास परवान्याची जादा प्रत मागितली. अर्जदार डॅनिश नागरिक होता, जन्म बोस्नियातला. ६ एप्रिल २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की नुसता जन्माचा देश म्हणजे वांशिक मूळ नव्हे. वांशिक मूळ हे भाषा, धर्म, संस्कृती, समान इतिहास अशा अनेक खुणांनी ठरते. अर्जदार हरला.

बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्येच घडलेले उदाहरणही आहे. एका महिलेचा नोकरीचा अर्ज परत आला, तेव्हा बायोडेटावर कुणीतरी वजाचे चिन्ह काढून शेजारी 'ओसी' असे लिहिले होते. पूर्व जर्मनीच्या लोकांना हिणवून तसे म्हणतात. अपमान कागदावर हाताने लिहिलेला होता, तरी स्टुटगार्टच्या कामगार न्यायालयाने एप्रिल २०१० मध्ये निकाल दिला की पूर्व जर्मन हा वेगळा वांशिक गट नाही, सबब भरपाई नाही. शब्द चुकला की धडधडीत पुरावाही निरुपयोगी ठरतो, तो असा.

म्हणून तक्रारीत 'मी भारतीय नागरिक असल्यामुळे' असे न लिहिता 'माझ्या वांशिक मुळामुळे' असे लिहावे आणि खुणा सांगाव्यात: नाव, त्वचेचा रंग, उच्चार, घरात बोलली जाणारी भाषा. यात खोटे काही नाही. नाकारणाऱ्याने पासपोर्ट पाहिलेलाच नसतो, त्याने नाव वाचलेले असते.

राष्ट्रीयत्वाची बाजू अगदी उघडी आहे असेही नाही. कामाचा आणि राहण्याचा एकत्रित परवाना घेऊन गेलेल्यांना २०११ च्या एकल परवाना निर्देशाने पगार, कामाच्या अटी, पदव्यांची मान्यता आणि सामाजिक सुरक्षा यांत त्या देशाच्या नागरिकांइतकाच हक्क दिला आहे, काही अपवाद ठेवून. पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाल्यावर दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मिळाला तर हा हक्क आणखी रुंद होतो. आयर्लंड आणि डेन्मार्क या दोन्ही निर्देशांत सामील नाहीत. 'युरोपात असे असते' म्हणून चालत नाही, ते यामुळेच.

युरोपीय न्यायालयाने मूळ निर्देशाला बळ दिले तेही सांगितले पाहिजे. बेल्जियममध्ये दरवाजे बसवणाऱ्या फेरीन कंपनीच्या संचालकाने जाहीरपणे सांगितले की फिटर हवेत, पण स्थलांतरित नकोत, कारण गिऱ्हाईक त्यांना घरात घ्यायला तयार नसतात. कुणी अर्ज केला आणि नाकारला गेला, अशी एकही व्यक्ती न्यायालयापुढे नव्हती. तरी १० जुलै २००८ च्या निकालाने ते जाहीर विधानच थेट भेदभाव ठरवले. 'गिऱ्हाईकाला आवडत नाही' ही सबब तेव्हापासून निकालात निघाली.

दुसरे प्रकरण बल्गेरियातल्या दुप्नित्सा गावचे. गावात विजेचे मीटर घराच्या भिंतीवर किंवा कुंपणावर १.७० मीटर उंचीला, सहज डोळ्यांसमोर. रोमा या वांशिक अल्पसंख्य समाजाच्या गिझदोवा महाला वस्तीत मात्र तेच मीटर सहा-सात मीटर उंच खांबांवर टांगलेले. कारण काय, तर वस्तीत वीजचोरी होते. आपले बिल बरोबर आहे का हे पाहायलाही शिडी लागावी. तक्रार करणारी महिला स्वतः रोमा नव्हती, तिचे वस्तीत किराणा दुकान होते. न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की वस्तीवर लादलेल्या भेदभावाची झळ ज्याला बसते तोही दाद मागू शकतो, मग तो त्या वंशाचा असो वा नसो. आणि अख्ख्या वस्तीला चोर ठरवण्यातला अपमानही मोजायचा असतो. भारतीय भाडेकरूसोबत राहतो म्हणून जर्मन मित्रालाही घर नाकारले गेले, तर त्या मित्राला हाच आधार आहे.

आता जर्मनी, कारण आपली मुले तिथेच निघाली आहेत. तिथला सर्वसाधारण समान वागणूक कायदा, संक्षेपाने एजीजी, १८ ऑगस्ट २००६ पासून लागू आहे. यादीत वंश, वांशिक मूळ, लिंग, धर्म किंवा जीवनदृष्टी, अपंगत्व, वय, लैंगिक ओळख आहे. राष्ट्रीयत्व नाही.

याची सर्वांत जाचक बाब म्हणजे मुदत. नोकरी नाकारल्याचे पत्र १० मार्चला हातात पडले, तर भरपाईची लेखी मागणी १० मेपर्यंत कंपनीकडे पोचलीच पाहिजे. पोचली म्हणजे पोचली. टपालात टाकल्याची तारीख चालत नाही. सामूहिक वेतन-करारात मुदत वेगळी ठरवलेली असू शकते, तेवढे पाहून घ्यावे. ही मागणी केल्यापासून पुढच्या तीन महिन्यांत कामगार न्यायालयात दावा लावायचा. घर किंवा सेवा नाकारली तरी मागणीची मुदत दोनच महिने. नव्या देशात आलेला माणूस या दोन महिन्यांत पत्त्याची नोंदणी, बँक खाते, आरोग्य विमा यांत गुंतलेला असतो. झाला प्रकार भेदभाव होता हे कळायलाच कित्येकदा एवढे दिवस जातात. ही मुदत अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ती वाढवावी अशी मागणी जर्मनीत अनेक वर्षे होत आहे.

फसतात ते मुख्यतः तीन जागी. एक, लोक कंपनीच्या एचआरला नाराजीचा ईमेल पाठवतात आणि समजतात की तक्रार झाली. 'मला वाईट वाटले' एवढ्याने घड्याळ थांबत नाही. 'कायद्याच्या कलम १५ नुसार भरपाईची मागणी करतो' हे वाक्य लागते. दोन, जर्मन केंद्र सरकारच्या भेदभावविरोधी कार्यालयाला फोन करून निश्चिंत होतात. ते कार्यालय सल्ला देते, समेटाचा प्रयत्न करते, पण तुमच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार त्याला नाही आणि त्याला कळवल्याने मुदत वाढत नाही. तीन, सरकारी खात्याविरुद्ध एजीजी काढून दाखवतात. शाळा, पोलीस, परदेशी नागरिकांचे कार्यालय यांच्या कारभाराला तो कायदा लागू नाही. तिथे राज्यघटनेचे तिसरे कलम येते. ही उणीव भरून काढणारा स्वतःचा कायदा करणारे पहिले राज्य बर्लिन, तेही २०२० मध्ये.

भरपाईचा अंदाजही असावा. भेदभाव झाला नसता तरी ती नोकरी मिळाली नसती असे दिसले, तर भरपाई जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी. कामगार न्यायालयाच्या पहिल्या पायरीवर जिंकलात तरी तुमच्या वकिलाचा खर्च समोरच्याकडून मिळत नाही, आणि हरलात तर त्याच्या वकिलाचा खर्च तुमच्यावर पडत नाही. कामगार संघटनेचे सदस्य असाल तर संघटना सहसा कायदेशीर मदत देते. नोकरीला लागताच संघटनेत नाव घालावे, असे सांगावेसे वाटते ते म्हणूनच.

घराच्या बाबतीत कायद्यात दोन पळवाटा आहेत. घरमालक किंवा त्याचे नातेवाईक त्याच आवारात राहत असतील तर बंदी लागू होत नाही. आणि कलम १९ मध्ये, वस्तीतली सामाजिक घडी समतोल ठेवण्यासाठी भाडेकरूंत फरक करता येईल असे एक उपकलम आहे. त्याचा उद्देश चांगला असेलही, पण 'या इमारतीत परदेशी पुरे झाले' म्हणायला तेच वाक्य वापरता येते. ते काढून टाकले पाहिजे. तरीही लढणारे जिंकतात. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तुर्की नाव असलेल्या अर्जदाराला ३,००० युरो भरपाई दिली. त्याने एकाच कंपनीकडे दोन अर्ज केले होते, एक स्वतःच्या नावाने आणि दुसरा जर्मन वाटणाऱ्या नावाने. पहिल्याला नकार, दुसऱ्याला घर पाहायला बोलावणे. एक खबरदारी इथेच सांगतो. शूफा या पतमापन संस्थेचा दाखला नाही म्हणून नवख्या माणसाला घर नाकारले, तर तो आपोआप भेदभाव होत नाही. तोच दाखला नसलेल्या जर्मन माणसाला घर दिले असेल तर मात्र होतो.

जाहिरातीतल्या भाषेकडेही लक्ष द्यावे. 'जर्मन मातृभाषा हवी' अशी अट म्हणजे वांशिक मुळावरून अप्रत्यक्ष भेदभाव, असे जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने जून २०१७ मध्ये म्हटले. 'उत्तम जर्मन यायला हवे' ही अट, काम तसे असेल तर, चालते. मातृभाषा कुणालाही शिकून घेता येत नाही, भाषा घेता येते.

शेजारच्या देशांत काय आहे? नेदरलँड्सचा १९९४ चा समान वागणूक कायदा राष्ट्रीयत्वावरचा भेदभावही मोजतो, त्यामुळे तिथे शब्दांची एवढी कसरत नाही. मानवी हक्क मंडळाकडे तक्रार फुकट होते, वकील लागत नाही. निष्कर्ष बंधनकारक नसतो, पण न्यायालय तो गांभीर्याने घेते. प्रत्येक नगरपालिकेने भेदभावाच्या तक्रारींसाठी सोय ठेवलीच पाहिजे असा २००९ चा कायदा आहे. १ जुलै २०२३ पासून घरमालकाने आणि दलालाने भाडेकरू कोणत्या निकषांवर निवडणार हे आधी सांगायचे आणि नाकारलेल्यांना निवडीचे कारण द्यायचे, हेही बंधन आले. नाकारले गेलेल्या माणसाला याइतके उपयोगी कलम मला दुसरे दिसत नाही, कारण लढाईची सुरुवातच 'का' या प्रश्नाच्या उत्तरापासून होते. याच देशाच्या करखात्याने बालसंगोपन अनुदानातली फसवणूक शोधताना दुहेरी राष्ट्रीयत्व हा धोक्याचा निकष म्हणून वापरला, हजारो कुटुंबे कर्जबाजारी झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. चांगला कायदा असलेल्या देशात हे झाले, कारण संगणकाच्या आत कोणता निकष भरला आहे हे तक्रारदाराला दिसतच नव्हते.

बेल्जियममध्ये नोकरीतला भेदभाव सिद्ध झाला की ठरावीक सहा महिन्यांचा (कपातीपूर्वीचा) पगार मागता येतो. नुकसान किती झाले याचा हिशेब मांडत बसावे लागत नाही. कंपनीने दाखवून दिले की तसेही कामावर घेतले नसते, तर ते तीन महिन्यांवर येते. स्पेनने जुलै २०२२ च्या सर्वंकष कायद्यात आजार, आर्थिक परिस्थिती ही कारणे घातली आणि ५,००,००० युरोपर्यंत प्रशासकीय दंड ठेवला.

फ्रान्सचे वेगळेच आहे. कारणांची यादी युरोपातल्या लांबलचक याद्यांपैकी एक: मूळ, राष्ट्र, आडनाव, दिसणे, राहण्याचा पत्ता, फ्रेंचखेरीज दुसरी भाषा बोलता येणे. दंडसंहितेत शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि ४५,००० युरोपर्यंत दंड. नोकरीतल्या भेदभावासाठी दिवाणी दाव्याची मुदत भेदभाव उघड झाल्यापासून पाच वर्षे. जर्मनीचे दोन महिने याच्याशेजारी ठेवून पाहावेत. पण राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात मूळ, वंश, धर्म असा भेद न करण्याचे वचन आहे, आणि त्याचा अर्थ तिथे असा लावला जातो की लोकांची वंशवार मोजणीही करायची नाही. २००७ मध्ये घटना परिषदेने तशी आकडेवारी गोळा करण्याची तरतूद रद्द केली. त्यामुळे 'या कंपनीत आमच्यातले एवढेच' हे आकड्याने मांडणे फार अवघड. हक्करक्षकाचे कार्यालय, फोन ३९ २८, तक्रार फुकट घेते आणि चौकशीही करते. पण तिथे अर्ज केल्याने न्यायालयाची मुदत थांबत नाही, ही गोष्ट तिथल्या लोकांनाही उशिरा कळते.

आयर्लंडची पद्धत नीट पाळली तर सोपी, चुकली तर दार बंद. दुकान, घर, सेवा यांतला भेदभाव असेल तर आधी ईएस-१ नावाचा फॉर्म घटनेपासून दोन महिन्यांत समोरच्याला पाठवायचा. त्यात काय घडले आणि दाद मागण्याचा इरादा आहे, एवढे लिहायचे. उत्तरासाठी त्याला एक महिना. नंतर घटनेपासून सहा महिन्यांच्या आत कामगार संबंध आयोगाकडे तक्रार. फॉर्म न पाठवता थेट आयोगाकडे गेलात तर प्रकरण साधारणतः तिथेच संपते. पबमध्ये प्रवेश नाकारला तर आयोग नव्हे, जिल्हा न्यायालय, कारण २००३ च्या कायद्याने मद्यपरवान्याच्या जागा वेगळ्या काढल्या. नोकरीच्या तक्रारीला ईएस-१ लागत नाही. वंशाच्या व्याख्येत राष्ट्रीयत्व आहे. सेवांसाठी भरपाईची कमाल मर्यादा १५,००० युरो, आणि डब्लिनच्या घरभाड्यांपुढे ती तुटपुंजी आहे.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले, पण तिथला पहिला वंशसंबंध कायदा १९६५ चा, युरोपीय निर्देशांच्या कितीतरी आधीचा. आता २०१० चा समानता कायदा लागू आहे, तोही उत्तर आयर्लंड सोडून. नोकरीच्या प्रकरणात मुदत तीन महिने उणे एक दिवस: घटना १० मार्चची असेल तर ९ जून. त्याआधी एकास या संस्थेकडे समेटाचा अर्ज बंधनकारक, तो चालू असताना घड्याळ थांबते. ही मुदत सहा महिने करण्याचे तिथे ठरले आहे, तेव्हा घटनेच्या दिवशी कोणती लागू आहे ते पाहावे. भरपाईला कमाल मर्यादा नाही, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायाधिकरणाचे शुल्कही नाही. वंशाच्या व्याख्येत राष्ट्रीयत्व आहे, पण व्हिसाची परिस्थिती नाही. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नायजेरियातून आणलेल्या घरकामगारांना त्यांच्या नाजूक व्हिसा-परिस्थितीचा फायदा घेऊन पिळले, तरी तो राष्ट्रीयत्वावरून भेदभाव ठरत नाही. पिळवणूक खरी, पण कायद्याचा चिमटा तिथे बसला नाही.

ब्रिटनबद्दल मराठी वाचकांना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी: जातीची. २०१३ मध्ये संसदेने सरकारवर जात हा वंशाचाच एक भाग म्हणून कायद्यात घालण्याचे बंधन टाकले. सरकारने २०१८ मध्ये ते करायचे नाही असे जाहीर केले आणि न्यायालयांच्या निकालांवर भिस्त ठेवली. निकाल आहे तो असा: बिहारमधल्या आदिवासी महिलेला घरकामासाठी ब्रिटनला नेऊन राबवले गेले. अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये म्हटले की जात 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते. पुढच्या वर्षी तिला नुसत्या किमान वेतनाच्या थकबाकीपोटी १,८३,००० पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. बसू शकते, म्हणजे दर वेळी पुन्हा सिद्ध करायचे. संसदेने घालून दिलेले बंधन सरकारने पाळायला हवे होते.

अल्पसंख्याकांच्या हक्कांबद्दलही आपल्याकडे गैरसमज आहे. युरोप परिषद या युरोपीय संघाहून वेगळ्या संघटनेचा राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठीचा आराखडा करार १९९५ चा, १९९८ पासून लागू. पण अल्पसंख्य कोण, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. जर्मनीच्या यादीत डॅनिश, सोर्ब, फ्रिजियन आणि जर्मन सिंती-रोमा आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले तुर्क नाहीत. नेदरलँड्सने फक्त फ्रिजियन धरले. फ्रान्सने करारावर सहीच केलेली नाही. प्रादेशिक भाषांच्या सनदेत तर पहिल्याच कलमात लिहिले आहे की स्थलांतरितांच्या भाषा यात येत नाहीत. म्हणजे मराठीला तिथे अल्पसंख्य भाषा म्हणून संरक्षण नाही.

स्वीडन थोडा वेगळा. तिथे घरात रोज बोलल्या जाणाऱ्या भाषेचे मातृभाषा-शिक्षण नगरपालिकेने द्यायचे असते. मुलाला ती भाषा थोडीफार येत असावी, त्या भाषेसाठी नगरपालिकेत निदान पाच मुलांनी मागणी केलेली असावी आणि योग्य शिक्षक मिळावा. मराठी कुटुंबांनी एकेकट्याने अर्ज केला की 'संख्या नाही' म्हणून उत्तर येते. पाच घरांनी एकाच वेळी अर्ज करायचा आणि शिकवू शकणाऱ्या व्यक्तीचे नावही सोबत द्यायचे, म्हणजे दोन्ही सबबी संपतात.

डेन्मार्कमध्ये याउलट. २०१८ च्या कायद्यांनी सार्वजनिक घरांच्या ज्या वस्त्यांत किमान १,००० रहिवासी आणि त्यांत निम्म्याहून जास्त 'बिगर-पाश्चात्य' वंशाचे, शिवाय बेरोजगारी, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे यांपैकी दोन निकष प्रतिकूल, त्या वस्त्या वेगळ्या काढल्या. सलग पाच वर्षे यादीत राहिलेल्या वस्तीत कुटुंबांसाठीची सार्वजनिक घरे ४० टक्क्यांवर आणायची, उरलेली पाडायची, विकायची किंवा दुसऱ्या वापराला द्यायची. डॅनिश सांख्यिकीत भारतीय 'बिगर-पाश्चात्य'च मोजले जातात, तिथे जन्मलेली त्यांची मुलेसुद्धा. युरोपीय न्यायालयाला निकालाआधी मत देणाऱ्या महाधिवक्त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये याला थेट वांशिक भेदभाव म्हटले. माझ्या मते ते बरोबर आहे. जन्मलेल्या देशातच मुलाला 'बिगर' म्हणून मोजायचे, याला दुसरा शब्द नाही.

राहिला पुरावा. तक्रारदाराने भेदभावाचा संशय येईल अशी वस्तुस्थिती मांडली की तो नव्हता हे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर जातो, हे दिवाणी दाव्यांत सर्व देशांत समान. तेवढी वस्तुस्थिती जमवायची कशी? जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह त्याच दिवशी घ्यावा, कारण जाहिरात उतरते. फोनवर बोलणे झाले तर पाच मिनिटांत लिहून काढावे: वेळ, नाव, नेमके शब्द, शेजारी कोण होते. जर्मनीत गुपचूप रेकॉर्डिंग करणे हा गुन्हा आहे, तेव्हा त्या फंदात पडू नये. जोडीचा अर्ज करायचा तर पगार, व्यवसाय, घरातली माणसे सारखी ठेवून फक्त नाव बदलावे, आणि परदेशी नावाचा अर्ज आधी पाठवावा, म्हणजे 'उशिरा आला' म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये अशी चाचणी २००६ पासून दंडसंहितेतच मान्य आहे, पण अर्ज करणारी माणसे खरी लागतात, बनावट नावे चालत नाहीत. नाकारल्याचे कारण लेखी मागावे. सांगण्याची सक्ती नसली तरी पूर्ण मौन हे न्यायालय विचारात घेऊ शकते, असे युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये जर्मनीतल्याच प्रकरणात म्हटले आहे. युरोपीय डेटा संरक्षण नियमाच्या कलम १५ खाली स्वतःबद्दलची नोंद मागता येते आणि उत्तराला साधारण एक महिना असतो. नकार आला त्याच दिवशी हा अर्ज केला तर दोन महिन्यांच्या आत हाती काही पडण्याची आशा.

सरकारला आणि हे वर्ग चालवणाऱ्यांना माझी मागणी छोटी आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून, भारतासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या देशातून माणूस नेणाऱ्या मालकाने त्याला मोफत सल्लाकेंद्रांची माहिती कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत देणे बंधनकारक झाले आहे. 'फेअर इंटिग्रेशन' नावाची ही केंद्रे सर्व राज्यांत आहेत. त्यांचा पत्ता इथूनच हातात द्यावा. आणि जर्मन भाषेच्या बी-१ पातळीच्या परीक्षेत औपचारिक लेखन असतेच. वर्गात आजारपणाची रजा, भेटीची वेळ बदलणे अशी पत्रे घोटून घेतली जातात. त्यांत आणखी एक घ्यावे, सहा ओळींचे: अर्जाची तारीख, पद, नकार मिळाल्याची तारीख, जे घडले ते दोन वाक्यांत, 'एजीजीच्या कलम १५ नुसार भरपाईची मागणी करतो', आणि सही. नोंदणीकृत टपालाची पावती त्याला कशी जोडायची तेही दाखवावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे